पिशवी काढली, पुढे काय? ओटीपोटाच्या दुखण्याची आणि त्यातून बरं होण्याची पार्श्वभूमी

ओटीपोटात वर्षानुवर्षं दुखतंय, पाळीच्या दिवसांत उठवत नाही, अंगावरून पांढरं जातंय, सोनोग्राफीत धड काही सापडत नाही. मग एके दिवशी डॉक्टर विचारतात, "मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हा संवाद झालेला आहे. ऑपरेशन कुठे झालं, खर्च किती आला, टाके कधी निघाले, हे सगळ्या घराला ठाऊक असतं. दुखणं खरंच गेलं का, तिला रात्री झोप लागते का, जिना चढताना धाप लागते का, हे वर्षभरानंतर तिला कुणी विचारत नाही. हा दोष एकट्या नातेवाइकांचा नाही. खुद्द वैद्यकशास्त्रानेही हे प्रश्न फार उशिरा विचारायला घेतले.

बाईच्या दुखण्याचं खापर गर्भाशयावर फोडण्याची सवय मात्र फार जुनी आहे. प्राचीन ग्रीक वैद्य तर गर्भाशय शरीरात भटकतं आणि जिथे जाईल तिथे त्रास देतं, असं मानत. आपल्याकडे चरकसंहितेत वीस योनिव्यापद, म्हणजे स्त्रीच्या जननेंद्रियांचे विकार, सांगितले आहेत आणि त्यांत वेदनेचा विचार बराच बारकाईने केलेला दिसतो. उपचार अर्थातच औषधं, तेलं, बस्ती यांचे होते. अवयवच काढून टाकायचा, ही कल्पना शस्त्रक्रियेच्या युगातली.

१८१३ साली जर्मनीतल्या गॉटिंगनमध्ये कॉनराड लांगेनबेक यांनी योनिमार्गाने गर्भाशय काढलं. भूल नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती. १८४३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स क्ले यांनी पोट उघडून गर्भाशय काढलं, पण ती रुग्ण वाचली नाही. दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, अमेरिकेतल्या लोवेल गावी वॉल्टर बर्नहॅम यांनी पोटावाटे केलेल्या अशा शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा एक बाई जगली. त्या काळात बरं होणं म्हणजे जिवंत राहणं, इतकाच अर्थ होता. शल्यचिकित्सकाच्या नोंदवहीत त्यापलीकडचा रकानाच नव्हता. माझ्या मते पुढच्या शंभर वर्षांच्या दृष्टीवर या पहिल्या हिशोबाची छाया राहिली. बाई टेबलावरून उठली, तापाने गेली नाही, म्हणजे ऑपरेशन यशस्वी.

याच इतिहासात १८७२ साली एक प्रकरण घडलं, आणि दुखण्यासाठी अवयव काढण्याची गोष्ट त्याच्याशिवाय पुरी होत नाही. जॉर्जिया राज्यातल्या रोम गावचे डॉक्टर रॉबर्ट बॅटी यांनी पाळीच्या असह्य त्रासावर उपाय म्हणून एका बाईची बीजकोशं, म्हणजे अंडाशयं, काढली. बीजकोशात गाठ होती म्हणून नव्हे, पाळी कायमची थांबावी म्हणून. त्याच वर्षी जर्मनीत आल्फ्रेड हेगार यांनीही तसंच ऑपरेशन केलं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत 'बॅटीचं ऑपरेशन' अमेरिका आणि युरोपात हजारो बायकांवर झालं. कारणांची यादी ओटीपोटाच्या दुखण्यापुरती राहिली नाही. उदासपणा, चिडचिड, झटके, 'स्वभाव' या सगळ्यांवर तोच उपाय झाला. त्यांतल्या अनेकजणी ऑपरेशनमध्ये गेल्या. ज्या वाचल्या त्यांना अकाली पाळी गेल्याचं सगळं भोगावं लागलं. शतक संपता संपता खुद्द डॉक्टरांमधूनच विरोध वाढला आणि हे ऑपरेशन मागे पडलं. बीजकोशं नेमकं काय काम करतात ते तेव्हा कळलेलंच नव्हतं. बीजकोशांत बनणाऱ्या इस्ट्रोजेन गटातलं पहिलं संप्रेरक (हार्मोन) शुद्ध रूपात वेगळं झालं ते १९२९ मध्ये. म्हणजे अवयव आधी काढले गेले आणि त्यांचं काम नंतर समजलं.

विसाव्या शतकात रक्त देण्याची सोय झाली, प्रतिजैविकं आली, भूल सुरक्षित झाली. बाल्टिमोरचे एडवर्ड रिचर्डसन यांनी १९२९ मध्ये ग्रीवेसकट, म्हणजे गर्भाशयाच्या मुखासकट, संपूर्ण गर्भाशय काढण्याची पद्धत नीट मांडली आणि ती जगभर रुळली. धोका कमी झाला तसा निर्णयही हलक्या हाताने होऊ लागला. १९७० च्या दशकात अमेरिकेत वर्षाला सात लाखांच्या आसपास गर्भाशयं काढली जात होती आणि तिथल्या स्त्री-आरोग्य चळवळीने याबद्दल आवाज उठवला. १९८८ मध्ये हॅरी राइक यांनी दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया केली आणि पोटावरचा मोठा छेद टळण्याची वाट मोकळी झाली.

उठण्या-बसण्याच्या सल्ल्यालाही इतिहास आहे. एके काळी पोटाच्या ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे अंथरुणातच ठेवत. शिकागोचे एमिल रीस १८९९ मध्येच रुग्णांना लवकर उठवा म्हणून सांगत होते, पण ते पटायला जवळपास अर्धं शतक गेलं. १९९० च्या दशकात कोपनहेगनच्या हेन्रिक केलेट यांनी वेदनाशमन, खाणं आणि चालणं यांची एकत्र आखणी केली. आज ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, कधी त्याच संध्याकाळी, नर्स हाताला धरून चालवते, त्यामागे हे काम आहे. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत, आतडी लवकर हलावीत, छातीत कफ साचू नये, हा त्याचा हेतू. पण लवकर चालणं आणि लवकर कामाला लागणं यांत महत्त्वाचा फरक आहे, आणि आपल्याकडे तोच पुष्कळदा पुसला जातो. त्याकडे पुढे येतेच.

आधी दुखण्याचं पाहू. गर्भाशय काढल्यावर ओटीपोटाचं जुनाट दुखणं जातं का? दुखण्याचा उगम गर्भाशयात असेल, म्हणजे त्याच्या स्नायूत अस्तर शिरलेलं असेल किंवा गाठी असतील, तर बहुतेकींना मोठा आराम पडतो. पण न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचे जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात ज्या एंडोमेट्रिओसिसचं सविस्तर वर्णन केलं, त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजलेली असते. पिशवी काढून ती आपोआप जात नाही. मूत्राशय, आतडी, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, पाठीच्या नसा यांच्यापैकी कशातूनही येणारी कळ बाईला 'पिशवीतच' दुखतंय अशी वाटू शकते. १९९० मध्ये स्टोव्हल आणि सहकाऱ्यांनी गर्भाशयामुळेच दुखतंय असं समजून शस्त्रक्रिया केलेल्या ९९ बायकांचा पाठपुरावा केला. सुमारे २२ टक्के जणींचं दुखणं उरलं होतं. १९९५ च्या हिलिस यांच्या अभ्यासात वर्षभरानंतर ७४ टक्के जणींचं दुखणं पूर्ण गेलं होतं, २१ टक्के जणींचं कमी झालं होतं आणि उरलेल्यांना फरक पडला नव्हता किंवा ते वाढलं होतं. दोन्ही आकडे आशा देणारे आहेत, आणि दोन्ही आकडे ऑपरेशनच्या आधी बाईला सांगायला हवेत. ज्या बाईला 'शंभर टक्के सुटका' सांगितलेली असते, तिचं पोट चार महिन्यांनी पुन्हा दुखलं की ती आधी स्वतःवरच शंका घेते. घरचेही म्हणतात, आता पिशवीच नाही तर दुखतंय काय? खरं तर वर्षानुवर्षं चाललेल्या वेदनेने मज्जासंस्था जास्त संवेदनशील होते. कारण दूर झालं तरी ती शांत व्हायला वेळ लागतो आणि कधीकधी तिच्यावर स्वतंत्र उपचार करावे लागतात. ही समज १९८० च्या दशकानंतरची आहे.

मनाचा अभ्यासही असाच वळणं घेत आला. १९७३-७४ मध्ये ऑक्सफर्डचे डॉक्टर रिचर्ड्स यांनी लिहिलं, की गर्भाशय काढलेल्या बायकांमध्ये नैराश्य जास्त दिसतं. त्यावरून ऑपरेशननेच मन खचतं, असा समज पसरला. १९८२ मध्ये ऑक्सफर्डच्याच गाथ आणि सहकाऱ्यांनी जास्त रक्तस्रावासाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या १५६ बायकांना आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासलं. मानसिक त्रास ऑपरेशनपूर्वी ५८ टक्के जणींना होता आणि दीड वर्षानंतर २९ टक्के जणींना. म्हणजे मन पुष्कळदा आधीच थकलेलं होतं, पण त्याची विचारपूस कुणी केली नव्हती. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात १९९० च्या दशकात झालेल्या मोठ्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्यांना दुखणं आणि नैराश्य दोन्ही होतं, त्यांनाही ऑपरेशनने फरक पडला, पण त्रास मागे उरण्याचं प्रमाण त्यांच्यात अधिक होतं. ऑपरेशनआधी मनाची विचारपूस करणं हा उपचाराचाच भाग असायला हवा, असं मला म्हणूनच ठामपणे वाटतं.

आता आपल्याकडे. १९८९ मध्ये डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. तपासलेल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. दुखणं अंगावर काढण्याची आपल्याकडची रीत त्या अभ्यासात आकड्यांनिशी दिसली. जंतुसंसर्ग वेळेवर औषधाने बरा होऊ शकतो. तो वर्षानुवर्षं साचला की ओटीपोटाचं कायमचं दुखणं होतं आणि मग थेट ऑपरेशन सुचवलं जातं. मधल्या पायऱ्या, म्हणजे तपासणी, गोळ्या, हार्मोनचे उपचार, गर्भाशयात बसवायचं हार्मोनयुक्त साधन, या गावाकडच्या बाईपर्यंत पोचतच नाहीत. त्यात लग्न लवकर, मुलं लवकर, पंचविशीत कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. त्यानंतर पिशवीचं काम संपलं, अशीच समजूत.

१९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या काही मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली. पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण दिलं गेलं. स्त्री संघटनांनी तेव्हा तीव्र निषेध केला.

आणि मग बीड. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांची बातमी देशभर गेली. तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशयं काढली गेल्याचं त्या वर्षी जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे साधारण सहांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होतं. दोन्ही पाहण्यांतल्या वयांची रचना वेगळी असली, तरी एवढी तफावत नुसत्या वयाने भरून निघत नाही.

कारण फडातच आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाला धरलेली एक जोडी. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती हंगामभर फेडायची. एक दिवस खाडा पडला की पैसे कापले जातात. पहाटेपासून तोडणी, मोळ्या बांधणं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं. पालात राहायचं. न्हाणी नाही, संडास नाही, पाळीत कापड धुवायला पाणी नाही. अशात अंगावरून जाणं आणि ओटीपोट दुखणं होणारच. "पुढे कॅन्सर होईल" ही भीती दाखवली गेल्याचं अनेकींनी सांगितलं. कर्ज काढून ऑपरेशन झालं आणि ते फेडायला बाई पुन्हा फडात. कंबरदुखी, सांधेदुखी, झोप न लागणं आणि उदासपणा या तक्रारी ऑपरेशन झालेल्या बायकांनी नंतर नोंदवल्या.

बीडच्या गदारोळानंतर जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक झाली. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दल डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ मध्ये आली आणि ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने ती तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश राज्यांना दिला. देखरेख समित्या राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर असाव्यात, असं त्यांत आहे. हे गरजेचंच होतं. पण या साऱ्याचा भर ऑपरेशन होण्याआधीच्या टप्प्यावर आहे. ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलं, त्यांच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांचं काय?

त्या बायकांसाठी आज वैद्यकशास्त्राकडे सांगण्यासारखं बरंच आहे. वरचे टाके भरले तरी योनीच्या टोकाला आत घातलेली शिवण भरायला वेळ लागतो. म्हणून साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही. पाण्याची भरलेली कळशी नाही, गॅसचा सिलिंडर नाही, कडेवर मूल नाही. शरीरसंबंधही तपासणी झाल्यावरच. या काळात चालायचं रोज, थोडं थोडं वाढवत. ताप, दुर्गंधी असलेला स्राव, एकाएकी वाढलेला रक्तस्राव, पोटरीला सूज किंवा दम लागणं यांपैकी काही झालं तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरण्याची सवय जुन्या दुखण्यात लागलेली असते. ती सोडवायला फिजिओथेरपीचा उपयोग होतो.

मनाच्या बाबतीत एकच एक भावना अपेक्षित धरू नये. कुणाला पहिल्यांदाच मोकळं वाटतं. कुणी महिन्यांनंतर रडते आणि तिलाच कारण सांगता येत नाही. मूल हवं होतं आणि झालं नाही, तर ते दुःख निराळंच असतं. मोकळं वाटणं आणि हळहळ एकाच बाईत एकाच दिवशी असू शकतात, दोन्ही खरी असतात. उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, खाणंपिणं आणि झोप बिघडली, तर त्यावर उपचार आहेत आणि ते घ्यावेत.

बीजकोशांचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे. ती ठेवली असतील तर संप्रेरकं बनत राहतात, तरी पाळी जाण्याचं वय काहीसं अलीकडे येऊ शकतं. ती काढली असतील तर पाळी जाणं एका दिवसात घडतं. अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं, योनी कोरडी पडते, पुढे हाडं ठिसूळ होतात. कमी वयात काढलेली असतील आणि दुसरी काही अडचण नसेल, तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन देण्याचा सल्ला दिला जातो. एंडोमेट्रिओसिस असेल तर औषधाची निवड वेगळी होऊ शकते.

आपली बीजकोशं ठेवली की काढली, हे अनेक बायकांना माहीतच नसतं. म्हणून घरी येताना डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: काय काय काढलं, बीजकोशं ठेवली की काढली (एक की दोन्ही), आणि ग्रीवा ठेवली आहे का. ग्रीवा ठेवली असेल तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी पुढेही करावी लागते. काढलेलं गर्भाशय प्रयोगशाळेत तपासायला पाठवतात. तो अहवाल साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी येतो आणि घरचे तो आणायला विसरतात. दुखण्याचं कारण गर्भाशयात होतं का, ते त्या अहवालावरून पुष्कळदा कळतं. पुढे कधीही दुखलं, तर नव्या डॉक्टरांना सगळ्यात आधी तोच कागद दाखवायचा असतो.