बडोद्यात फ्रीमेसन लॉजचं सभासदत्व : पात्रता, कागदपत्रं आणि अर्जापासून दीक्षेपर्यंतची वाट

गेल्या महिन्यात दांडिया बाजारातला एक तरुण माझ्या घरी आला. वय 32, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरी. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात आधार आणि पॅनच्या झेरॉक्स, चार फोटो आणि चेकबुक. "काका, फॉर्म कुठला भरायचा आणि रक्कम किती, तेवढं सांगा. आजच करून टाकू." मी चहा टाकायला सांगितला आणि चेकबुक आधी पिशवीत ठेवायला लावलं. त्याच्या कागदांत काही कमी नव्हतं. कमी होती ती ओळख. आमच्या लॉजमधलं कुणीच त्याला ओळखत नव्हतं. मीही नाही, माझा पत्ता त्याला त्याच्या मामांनी दिला होता.

त्या दिवशी त्याला जे तासभर सांगितलं ते इथे नीट मांडतो, कारण हाच प्रश्न घेऊन येणारा तो पहिला नाही.

लॉज म्हणजे काय, हे आधी. मराठीत लॉज म्हटलं की मुक्कामाची खोली डोळ्यांपुढे येते. फ्रीमेसनरी ही बंधुभाव, सदाचार आणि दानधर्म शिकवणारी जुनी संघटना. तिच्यात लॉज म्हणजे सभासदांचं मंडळ आणि त्यांची सभा भरते ती जागा. कुणी चार मित्र जमले आणि लॉज काढलं, असं होत नाही. प्रत्येक लॉजला वरच्या संस्थेची सनद लागते. आपल्याकडे ती ग्रँड लॉज ऑफ इंडिया देते. तिची स्थापना 24 नोव्हेंबर 1961 ची, दिल्लीची. रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान हे पहिले ग्रँड मास्टर, म्हणजे प्रमुख. त्याआधी इथली लॉजेस इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या सनदेवर चालायची. ग्रँड लॉजचे उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम असे चार विभाग आहेत. बडोदं पश्चिम विभागात येतं आणि त्याचं कार्यालय मुंबईत आहे.

कोण अर्ज करू शकतो

अर्जदार पुरुष हवा, वयाची 21 वर्षं पूर्ण झालेली हवीत, चारचौघांत नाव चांगलं हवं आणि स्वतःच्या कमाईवर घर चालवणारा हवा. जात, भाषा, हुद्दा यांची अट नाही. वकील, डॉक्टर जसे आहेत तसे दुकानदार आणि शिक्षकही आहेत.

एक अट मात्र कुणासाठीही सैल होत नाही, ती म्हणजे ईश्वरावर श्रद्धा. कोणता ईश्वर, कोणत्या नावाचा, हे कुणी विचारत नाही. लॉजमध्ये धर्मावर आणि राजकारणावर चर्चा करायला बंदी आहे, म्हणून तो प्रश्न नंतरही येत नाही. पण विश्व चालवणारी एक परमशक्ती आहे असं तुम्ही मनापासून मानत नसाल, तर तसं स्पष्ट सांगावं. नास्तिक माणसं माझ्या मित्रांत आहेत आणि त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. म्हणूनच त्यांनी नुसतं प्रवेश मिळावा म्हणून फॉर्मवर खोटी सही करू नये असं मला वाटतं. दीक्षेच्या, म्हणजे सभासद करून घेण्याच्या विधीच्या, वेळी शपथ घ्यायची असते ती आपापल्या धर्मग्रंथावर. भारतातल्या लॉजच्या वेदीवर गीता, कुराण, बायबल, गुरुग्रंथसाहिब आणि अवेस्ता शेजारी शेजारी ठेवलेले असतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बराच वेळ तिकडेच बघत राहिलो होतो.

"धर्म बुडतो का?" असं घरातली वडीलधारी मंडळी हमखास विचारतात. त्यांना एवढंच सांगावं की नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, 19 फेब्रुवारी 1884 रोजी कोलकात्याच्या अँकर अँड होप लॉजमध्ये दाखल झाले आणि त्याच वर्षी 20 मे रोजी मास्टर मेसन, म्हणजे तिसऱ्या पायरीचे सभासद, झाले.

स्त्रियांचं काय, हेही विचारलं जातं आणि विचारायलाच हवं. ग्रँड लॉज ऑफ इंडियात स्त्रियांना सभासदत्व नाही. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी को-फ्रीमेसनरी ही वेगळी संघटना आहे. अ‍ॅनी बेझंट 1902 मध्ये तिच्यात आल्या आणि भारतात ती त्यांच्यामुळेच पोचली. दोन्हींचे अर्ज वेगळे, सनद वेगळी. एकीकडचं सभासदत्व दुसरीकडे चालत नाही.

सूचक आणि अनुमोदक

सगळी प्रक्रिया या दोन सह्यांवर उभी आहे. तुम्ही ज्या लॉजमध्ये जाणार, त्याच लॉजचे दोन सभासद तुमचे सूचक आणि अनुमोदक व्हावे लागतात. त्यांनी तुम्हाला स्वतः, प्रत्यक्ष ओळखायला हवं. "माझ्या साहेबांच्या ओळखीचा आहे" एवढ्यावर सही करणारा सूचक तुमचंही नुकसान करतो आणि लॉजचंही, कारण पुढे तुमच्या वागण्याची जबाबदारी त्याच्याकडे येते.

फॉर्मवर अर्जदाराला एक गोष्ट लिहून द्यावी लागते : मी माझ्या मर्जीने येतोय, मित्रांच्या आग्रहाखातर नाही, आणि पैशाच्या किंवा कुठल्याही फायद्याच्या आशेने नाही. म्हणूनच मेसन, म्हणजे फ्रीमेसनरीचा सभासद, सहसा आपण होऊन कुणाला "ये" म्हणत नाही. तुम्हालाच विचारावं लागतं. शेजारी, डॉक्टर किंवा बँकेतले मॅनेजर मेसन असतील आणि तुम्हाला ठाऊक असेल, तर सरळ विचारा. त्यांना आवडेल.

कुणीच ओळखीचं नसेल तर मुंबईच्या विभागीय कार्यालयाला लिहा. तिथून तुमच्या शहरातल्या लॉजच्या सचिवाशी गाठ घालून देतात. मग पुढचे काही महिने ओळख होण्यात जातात, आणि ते जाऊ द्यावेत. एखाद्या रविवारी कमाटीबागेत सकाळी फिरायला भेटणं, रक्तदान शिबिरात मदतीला येणं, कुणाच्या घरी मुलांना घेऊन जेवायला जाणं, हे सगळं त्यातच आलं.

कागदपत्रं

इथे फार काही नाही. आमच्याकडे साधारण छापील अर्ज, पासपोर्ट आकाराचे फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा आणि नोकरी-व्यवसायाचा तपशील एवढं लागतं. लॉजगणिक एखादा कागद कमीजास्त होतो, सचिव यादी देतात. काळजी घ्यावी ती दोन रकान्यांत. पूर्वी दुसऱ्या एखाद्या लॉजकडे अर्ज केला होता का, हा एक. आणि कोर्टकचेरी झाली आहे का, हा दुसरा. जे असेल ते लिहा. जमिनीच्या वाटणीचा दावा चालू आहे म्हणून कुणी नाकारत नाही. लपवलेलं नंतर कळलं, तर मात्र सूचकाला मान खाली घालावी लागते.

पैशाचं म्हणाल तर प्रवेश फी एकदाच असते, वार्षिक वर्गणी दरवर्षी, आणि जेवणाचा खर्च व सभेत कमरेला बांधायच्या एप्रनसारख्या वस्तू वेगळ्या. आकडा लॉजप्रमाणे बदलतो, म्हणून सही करण्याआधी सगळे आकडे लेखी मागून घ्या. यात संकोच नको. मुलांच्या फीला किंवा घराच्या हप्त्याला ओढ लागणार असेल तर दोन वर्षं थांबा. दानधर्मसुद्धा स्वतःच्या घरावर ताण न आणता करावा, असंच लॉजची शिकवण सांगते.

घरची भेट

अर्ज सचिवांकडे गेला की दोन-तीन ज्येष्ठ सभासद तुम्हाला भेटतात. आम्ही शक्यतो घरीच जातो. शहरातल्या वाडी भागात एका घरी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. पोह्यांच्या बशा पुढे आल्या, अर्जदार शिकवल्यासारखी उत्तरं देत होता. त्याची बायको दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मला एकच विचारायचंय. हे महिन्यातून किती दिवस, आणि घरी किती वाजता येणार?" माझ्या मते त्या संध्याकाळचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता. आम्ही खरं ते सांगितलं : महिन्यातून एक संध्याकाळ, दीक्षेचा सराव असेल तर आणखी एखादी, आणि घरी यायला साडेदहा-अकरा. ती थोडा वेळ थांबली आणि "चालेल" म्हणाली. तिच्या होकाराशिवाय आम्ही तो अर्ज पुढे नेला नसता.

या भेटीत तुम्हीही प्रश्न विचारा. मी सगळ्यांना एक प्रश्न सुचवतो : गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडे किती जणांना दीक्षा दिली, आणि त्यांतले आज किती जण सभेला येतात? पहिला आकडा सगळे अभिमानाने सांगतात. लॉज कसं आहे ते दुसऱ्या आकड्यावरून कळतं.

मतदान

तुमचं नाव भर सभेत वाचलं जातं, सगळ्या सभासदांना सभेच्या पत्रातून कळवलं जातं आणि मग गुप्त मतदान होतं. आमची पेटी लाकडी आहे, हात मनगटापर्यंत आत जाईल एवढं तिचं तोंड. पांढरा गोळा म्हणजे होकार, काळा म्हणजे नकार. पेटी एकेकापुढे फिरते, सभागृहात कुणी बोलत नाही. गोळा पडल्याचा आवाज ऐकू येतो, रंग दिसत नाही. थोडेसे काळे गोळे निघाले तरी अर्ज नामंजूर होतो, बहुमत लागत नाही. किती काळ्या गोळ्यांनी नकार होतो ते नियमांत लिहिलेलं असतं. कुणी काळा टाकला हे विचारणं गंभीर गैरवर्तन मानलं जातं.

हा अधिकार वाईट हेतूने वापरला जाऊ शकतो, हे मी नाकारणार नाही. कोलकात्याच्या प्रसन्नकुमार दत्तांनी 1863 मध्ये प्रवेश मागितला. हिंदूंना फ्रीमेसन होता येतं का, यावर तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी इतका विरोध केला की दीक्षा मिळायला 1872 उजाडलं. नऊ वर्षं. माणूस तोच, अर्ज तोच. आपल्या मुंबईत त्याच्या कितीतरी आधी, 1843 मध्ये, जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरने भारतीयांना घ्यायचं म्हणूनच रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया हे लॉज काढलं होतं. काळा गोळा उचलताना दत्तांची नऊ वर्षं आठवावीत, असं मी नव्या सभासदांना सांगतो.

दीक्षा आणि तीन पायऱ्या

एंटर्ड अप्रेंटिस, फेलो क्राफ्ट आणि मास्टर मेसन या तीन पायऱ्या. दोन पायऱ्यांमध्ये काही आठवडे जावे लागतात आणि प्रत्येक वेळी आधीच्या पायरीची प्रश्नोत्तरं पाठ म्हणून दाखवावी लागतात. विधी कसा होतो ते मी सांगणार नाही, तुमचा तो अनुभव मला हिरावून घ्यायचा नाही. एवढं सांगतो की अपमानास्पद असं त्यात काही नसतं, आणि देव, देशाचा कायदा आणि घर यांच्याविषयीच्या कर्तव्याला शपथेने बाध येत नाही, हे शपथेआधीच सांगितलं जातं. अंगावरचं सोनं आणि खिशातले पैसे बाहेर काढून ठेवावे लागतात, तेव्हा निघत नसेल अशी अंगठी आदल्या दिवशीच साबण लावून काढा. मिळतो तो पांढरा, कोकराच्या चामड्याचा साधा एप्रन. राजा असो वा कारकून, पहिला एप्रन तोच.

त्या रात्रीचं जेवण

सभा संपली की सगळे एकत्र जेवतात. माझं याविषयीचं मत जरा ठाम आहे, कारण मी दुसरीकडे एकटं पडणं भोगलंय. मला दीक्षा मिळाली ती नोकरीच्या गावी. त्या लॉजचं नाव घेत नाही. विधी देखणा झाला, टाळ्या झाल्या, आणि जेवायला मी टेबलाच्या टोकाला एकटा बसलो. पुढचे चार महिने तेच. माझ्याबरोबर आलेल्या दुसऱ्या गृहस्थांनी वर्षभरात येणं बंद केलं. त्यांचं नाव वर्गणीच्या थकबाकीत दोन वर्षं राहिलं. ते आजारी होते हे मला त्यांच्या मुलाकडून कळलं, लॉजमध्ये ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आजही लॉजमधली सभासदसंख्या घटते ती अर्ज येत नाहीत म्हणून कमी, आणि आलेली माणसं अशी निसटतात म्हणून जास्त. बडोद्यात आल्यावर माझ्या दोन्ही बाजूंना पहिल्याच रात्री माणसं होती. डावीकडे एक पारशी वडीलधारे, उजवीकडे रावपुऱ्यातले गुजराती सोनार. सोनारांनी माझ्या ताटात न विचारता दुसरी पुरणपोळी वाढली, त्यांच्या भाषेत वेढमी. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, "घरी नीट पोचलात ना?" आता आम्ही नव्या बंधूला पहिले सहा महिने एकटं बसू देत नाही आणि तिसऱ्या महिन्यात त्याच्याकडे एखादं काम सोपवतो, मग ते आजारी सभासदांची चौकशी करणाऱ्या आल्मोनरच्या हाताखालचं का असेना. काम मिळालेला माणूस सहसा गळत नाही.

दुसऱ्या गावाहून बदलून येणाऱ्या मेसनला पुन्हा दीक्षा लागत नाही. आधीच्या लॉजची वर्गणी चुकती केल्याचं क्लिअरन्स आणि ग्रँड लॉजचं प्रमाणपत्र आणा. सूचक, अनुमोदक आणि मतदान मात्र त्यालाही आहे. बदलीचं पत्र हातात पडलं की आधी क्लिअरन्स मागा, नंतर मागे लागून ते मिळवणं फार त्रासाचं होतं.

आणि एक सावधगिरी. मोबाइलवर "फ्रीमेसन व्हा, गाडी-बंगला मिळवा, नोंदणीचे एवढे पाठवा" असे निरोप फिरतात. ते चोरांचे असतात. खरं लॉज असं बोलावत नाही आणि भेटल्यावाचून एक रुपया घेत नाही. पैसे गेले असतील तर सायबर पोलिसांकडे 1930 वर लगेच तक्रार करा.

24 नोव्हेंबरच्या, म्हणजे ग्रँड लॉजच्या स्थापना दिवसाच्या, सुमाराला ठिकठिकाणची लॉजेस विश्वबंधुत्व दिवस पाळतात. आमच्याकडे त्या दिवशी सभासद नसलेल्यांनाही बोलावतो. दांडिया बाजारातल्या त्या तरुणाला मी तेव्हाच ये म्हटलंय. फोल्डर घरी ठेव, बायकोला आणि मामांना घेऊन ये. माझ्याच टेबलावर बसायचं.