कोणत्या मेलला स्पॅम म्हणायचं?

सकाळी मेल उघडली की पाच-सहा पत्रं नकोशी निघतातच. दुकानाच्या सेलची जाहिरात, कधीतरी हौसेनं नाव नोंदवलेल्या वार्तापत्राचा नवा अंक, बँकेचं नाव लावून आलेलं ‘केवायसी आजच करा’, सोसायटीच्या सभेची सूचना. बरेच जण या सगळ्यांवर ‘स्पॅम’चं एकच बटण दाबून मोकळे होतात. पण हे बटण ज्या भांडणांतून आलं, त्यांत ‘हे मला आवडलं का’ असा प्रश्न नव्हता. ‘हे मी मागितलं होतं का’ असा होता.

भांडण जुनं आहे. नोव्हेंबर १९७५ मध्ये, इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटच्या काळात, जॉन पोस्टेल या संगणकतज्ज्ञांनी एक छोटं टिपण लिहिलं. एखादा संगणक नको ते संदेश पाठवत सुटला तर ते नाकारण्याची सोय दुसऱ्याकडे नाही, ही त्यांची अडचण होती. तीनच वर्षांत तिचा प्रत्यय आला. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे चारशे जणांना एकच आमंत्रण धाडलं: नवा संगणक बघायला या. पत्ते छापील निर्देशिकेतून काढून टाईप केले होते. ते इतके झाले की पत्त्याच्या जागेत मावेनात, आणि उरलेले थेट मजकुरात सांडले. वाचणाऱ्याला आधी परक्यांच्या पत्त्यांची रांग दिसायची, मग आमंत्रण. त्यात फसवणूक काही नव्हती. ज्यांना गेलं ते संगणकातलेच लोक होते, काहींना त्याचा उपयोगही झाला असेल. तरी तक्रारी झाल्या, कारण सरकारी कामासाठीच्या जाळ्यावर कुणीही न मागितलेली जाहिरात एकगठ्ठा आली होती.

‘स्पॅम’ हे मुळात अमेरिकेतल्या डबाबंद मांसाचं नाव. एका ब्रिटिश विनोदी मालिकेत १९७० साली हाच शब्द पुन्हा पुन्हा घोकून बाकीचं बोलणं बुडवून टाकलं होतं. तिथून तो संगणकवाल्यांच्या तोंडी बसला. घरोघरी पोचला तो १२ एप्रिल १९९४ नंतर. त्या दिवशी ॲरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील दांपत्यानं ग्रीन कार्डच्या सोडतीची जाहिरात यूजनेट या तेव्हाच्या चर्चाजाळ्यावरच्या पाच हजारांहून अधिक गटांवर टाकली. गटाचा विषय काय, हेही पाहिलं नाही.

यानंतरच्या काळात पॉल व्हिक्सी या संगणकतज्ज्ञांनी त्रास देणाऱ्या सर्व्हरांची, म्हणजे मेल पाठवणाऱ्या संगणकांची, काळी यादी काढली, आणि १९९८ मध्ये लंडनमध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउस ही स्पॅम पाठवणाऱ्यांचा माग काढणारी संस्था सुरू केली. मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती स्पॅमहाउसची व्याख्या. मेल न मागितलेली हवी आणि घाऊकही हवी. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच ती स्पॅम. मजकूर काय आहे याचा संबंध नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांना अनोळखी लेखकानं कथा पाठवली, तर ती न मागितलेली आहे, पण घाऊक नाही. त्याच अंकाचं वार्तापत्र घाऊक आहे, पण वाचकांनी मागितलेलं आहे. दोन्ही स्पॅम नव्हेत, मग वाचायचा कितीही कंटाळा येवो.

कायद्यांचं मात्र एकमत झालं नाही. युरोपीय संघानं २००२ मध्ये ठरवलं की जाहिरातीची मेल पाठवण्याआधी संमती हवी. जुन्या गिऱ्हाइकांपुरती थोडी सूट ठेवली. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यानं उलट वाट धरली: आधी पाठवा, समोरच्यानं नको म्हटलं की दहा कामकाजी दिवसांत थांबा. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये त्रासदायक मेलचा उल्लेख होता. पण पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका नोंदीवरून २०१२ मध्ये अटक झाली ती याच कलमाखाली, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते अख्खं कलमच रद्द केलं. निर्णय योग्यच होता. त्याबरोबर मेलबद्दलचा तो उल्लेखही गेला. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नियम फोन आणि एसएमएसपुरते आहेत. एकदा दिलेली संमती तितक्याच सहज मागे घेण्याची तरतूद २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे.

कायदे असे तोकडे, म्हणून खरा न्याय बटणावर येऊन ठेपला. एओएल या अमेरिकी मेलसेवेनं ग्राहकांच्या तक्रारी पाठवणाऱ्यापर्यंत पोचवायची पद्धत रुळवली, आणि दाबलेल्या प्रत्येक बटणावरून स्पॅम वेगळी काढणारी गाळणी शिकू लागली. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी आकडाच ठरवून दिला: स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. म्हणजे हजार मेलमागे तीन. हजार वाचकांचं वार्तापत्र चालवणाऱ्या छोट्या संस्थेसाठी तिघांचा कंटाळा पुरेसा आहे. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढण्याची सोयही सक्तीची झाली. ती पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दिसते. आपण स्वतः मागितलेलं नकोसं झालं, तर तीच वापरावी. ‘अनसबस्क्राइब दाबू नका, पत्ता चालू असल्याचं त्यांना कळतं’ हा जुना सल्ला अनोळखी मेलच्या तळाशी असलेल्या दुव्याला आजही लागू आहे. तिथे बटण स्पॅमचंच. बँकेच्या नावानं आलेल्या सापळ्यासाठी ‘फिशिंग’ची वेगळी तक्रार करावी. पैसे गेलेच असतील, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन.

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी वार्षिक सभेची सूचना निम्म्या लोकांना दिसलीच नाही. स्पॅममध्ये जाऊन पडली होती. थकबाकीच्या आठवणी येत, त्यांवर दोघा-तिघांनी आधी तेच बटण दाबलं होतं. बहुधा त्याचाच परिणाम. मग सचिवकाका संध्याकाळी एकेक मजला चढत गेले आणि प्रत्येकाचा फोन उघडायला लावून समोर उभं राहून ‘स्पॅम नाही’ दाबून घेतलं.