द्रव लेपाने छताची दुरुस्ती

जुने छत न उखडता त्यावर द्रवरूप लेप देऊन, तो वाळल्यावर सलग आणि लवचीक थर तयार करण्याची पद्धत. गोदामे, जिनिंग, दालमिल, मोंढ्यातली आडत दुकाने आणि वाळूज-चिकलठाण्यासारख्या औद्योगिक वसाहतींतले कारखाने अशा मोठ्या छतांसाठी ती सोयीची पडते, कारण खाली धंदा चालू ठेवून वर काम करता येते. बोलीत तिला नुसते ‘कोटिंग’ म्हणतात.

दरवर्षी छताला नवा थर द्यायचा, ही गोष्ट मराठवाड्याला नवी नाही. पावसाळ्याआधी माळवदावर, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छतावर, पांढरी माती टाकण्याची रीत जुनीच आहे. पण थरावर थर चढून माळवद जड होत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशीच छते दगडमातीच्या भिंतींसकट माणसांवर कोसळली. एक मिलिमीटर जाडीच्या वाळलेल्या लेपाचे वजन मात्र चौरस मीटरला साधारण सव्वा ते दीड किलोच भरते.

पत्र्याचे छत मधोमध क्वचितच गळते. गळतात ते सांधे, पन्हाळी आणि स्क्रूखालची कडक झालेली रबरी वॉशर. उन्हाळ्यात हवेचा पारा ४० अंशांवर गेला की पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. ४० अंशांच्या फरकाने ३० मीटर लांबीचा लोखंडी पत्रा सुमारे १४ मिलिमीटर वाढतो आणि रात्री पुन्हा आखडतो. रोजच्या या ओढाताणीत स्क्रूची भोके रुंदावतात. दुपारी गोदामात उभे राहून वर पाहिले, तर चांदण्यांसारखे ठिपके दिसतात. कामाची यादी तिथूनच करावी. आधी वॉशर बदलायचे, गंज घासायचा, प्रायमर मारायचा, सांध्यांवर फायबरची जाळी लेपात बसवायची आणि मग आडवा-उभा असे दोन हात द्यायचे. सिमेंटचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते कोरडे घासू नयेत, जोराच्या पाण्यानेही धुऊ नयेत, कारण तंतू हवेत आणि पाण्यात मिसळतात.

स्लॅबचा प्रश्न निराळा. त्यात मुरलेली ओल उन्हाने वाफ होऊन लेपाला फोड आणते. पॉलिथिनचा तुकडा चारही कडा चिकटवून रात्रभर ठेवला आणि सकाळी आत दव धरले, तर काम थांबवावे. काळ्या जमिनीवरची इमारत पाया फुगण्या-आकसण्याने तडकत असेल, तर लेपाने भेग झाकली जाईल, भरून निघणार नाही. गंजून चाळण झालेल्या पत्र्यालाही हेच लागू.

ॲक्रिलिक लेप स्वस्त आणि पाण्यात मिसळणारा, पण साचलेल्या पाण्याखाली मऊ पडतो. सिलिकॉन ऊन आणि साचलेले पाणी दोन्ही सोसतो. धूळ मात्र लवकर धरतो आणि पुढे त्यावर सिलिकॉनशिवाय दुसरे काही नीट चिकटत नाही. पॉलियुरेथेन चिवट, त्याचा उन्हात न पिवळणारा प्रकार महाग असतो. पांढरा लेप ऊन परावर्तित करून आतला उकाडा कमी करतो, पण धुळीने मळला की तो गुण घटतो.

एका लिटरचा चौरस मीटरला एक मिलिमीटर ओला थर बसतो. लेपात घन भाग निम्मा असेल, तर वाळल्यावर त्याचा अर्धाच मिलिमीटर उरतो. ‘दोन हात मारले’ या हिशेबाला म्हणूनच अर्थ नसतो. किती डबे रिकामे झाले ते मोजावे.

हिवाळा या कामाला चांगला, एप्रिल-मेमध्ये सकाळचे तासच तेवढे वापरावेत. मालकाला मात्र छत आठवते ते मृगाच्या तोंडावर. अर्धवट वाळलेला ॲक्रिलिक लेप मग पहिल्याच सरीत दुधासारखा पन्हाळीतून वाहून जातो.