इंडी रॉकची गिग अशी का असते?

इंडी रॉक म्हणजे बड्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर, स्वतंत्रपणे वाढलेलं रॉक संगीत. त्याच्या गिगला (लाइव्ह कार्यक्रमाला) पहिल्यांदा गेलेल्याला काही गोष्टी लगेच दिसतात. बसायला खुर्च्या नाहीत, स्टेज जेमतेम गुडघाभर उंच, मुख्य बँडच्या आधी एकदोन अनोळखी बँड, आणि टी-शर्ट-रेकॉर्डच्या टेबलामागे बहुधा बँडचीच माणसं. हे सगळं घडलं ते पैशांच्या चणचणीतून आणि थोडंफार दारूच्या कायद्यांमुळे. शैलीबिली नंतर.

सुरुवात पंकपासून, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या साध्या, आक्रमक रॉकपासून धरावी लागते. ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स हा पंक बँड वाजवून गेला. कार्यक्रम भरवला होता हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या स्थानिक पोरांनी. प्रेक्षक मोजकेच होते (पुढे ‘मी तिथे होतो’ म्हणणाऱ्यांची संख्या मात्र वाढतच गेली), पण त्यातल्या काहींनी जॉय डिव्हिजन हा बँड उभा केला. डिव्होटो-शेलींच्या बझकॉक्स या बँडनं जानेवारी १९७७मध्ये उसन्या ५०० पौंडांत स्वतःची रेकॉर्ड काढली. १९८०मध्ये ब्रिटनमध्ये इंडी चार्ट (इंडी रेकॉर्डच्या खपाची यादी) सुरू झाला, तेव्हा त्याची अट वितरणाची होती: रेकॉर्ड बड्या कंपन्यांच्या जाळ्याबाहेरून दुकानात आलेली हवी. आवाज कसाही चालेल.

अमेरिकेत अडचण अंतरांची. मोठे हॉल दारात उभं करत नसत, म्हणून ब्लॅक फ्लॅगसारखे बँड व्हॅनमधून गावोगाव फिरले, चर्चच्या तळघरांत नाहीतर भाड्याच्या हॉलमध्ये वाजवलं, चाहत्यांच्या घरी जमिनीवर झोपले. कुठल्या गावात कोण गिग लावून देतो, त्याचे फोन नंबर एका बँडकडून दुसऱ्याकडे जात. पेट्रोलचा खर्च टी-शर्टांवर निघे.

क्लबांची कमाई बारवर, म्हणून वयानं लहान श्रोत्यांना दारं बंद. १९८०मध्ये वॉशिंग्टनचा टीन आयडल्स हा पोरांचा बँड सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्स या क्लबमध्ये गेला, तेव्हा दारू देऊ नये म्हणून या पोरांच्या हातांवर काळी फुली मारली गेली. परतल्यावर त्यांनी हीच युक्ती आपल्याकडच्या क्लबांना सुचवली: फुली मारा, पण आत सोडा. त्यांच्यातलेच इयन मकाय पुढे फुगाझी या बँडमध्ये आले. या बँडनं तिकीट बहुतेक वेळा पाच डॉलरच्या आसपास ठेवलं आणि गिग सर्व वयांसाठी खुली असण्याचा आग्रह धरला. पुढच्या रांगेत धक्काबुक्की झाली की ते गाणं थांबवत, ऐकलं नाही तर तिकिटाचे पैसे परत देऊन बाहेर काढत. मला यात हिशेबीपणाही दिसतो: तिकीट स्वस्त असल्यानं कुणालाही पैसे परत देणं परवडत होतं.

१९९१मध्ये निर्वाणा या बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ अल्बमनं बड्या कंपन्यांना या छोट्या क्लबांकडे वळवलं. १९९९मध्ये इंटरनेटवर फुकट गाणी वाटून घ्यायचं नॅपस्टर आलं, रेकॉर्डची विक्री ढासळली आणि जुनं गणित उलटं झालं. पूर्वी बँड रेकॉर्ड खपावी म्हणून दौरे करत, आता दौरा चालावा म्हणून गाणी काढू लागले. त्यामुळे छोट्या जागा पूर्वीपेक्षा गरजेच्या झाल्या, पण भाडं आणि वीजबिल त्यांना झेपेना. महामारीनं उरलंसुरलं बळही नेलं. ओअॅसिस आणि रेडिओहेड हे नामांकित बँड ज्या स्टेजवर वाजवून गेले, तो इंग्लंडच्या बाथ शहरातला मोल्स क्लब डिसेंबर २०२३मध्ये बंद पडला. स्टेडियममधल्या दर तिकिटामागे एक पौंड अशा जागांसाठी बाजूला काढावा, ही ब्रिटनच्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टची (छोट्या जागांसाठी काम करणाऱ्या संस्थेची) मागणी याच ओढाताणीतून पुढे आली.