घर बदलताना ब्रॉडबँड कनेक्शन शिफ्ट कसं करायचं: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

मे-जून आला की लातूरच्या औसा रोडवर, अंबाजोगाई रोडवर सामानाचे टेम्पो दिसायला लागतात. कुणाची मुलगी अकरावीला, कुणाचा मुलगा नीटच्या बॅचला. परभणी, बीड, हिंगोलीकडची कुटुंबं वर्ष-दोन वर्षांसाठी भाड्याने राहायला येतात. कपाट, फ्रिज, गाद्या सगळं वेळेवर टेम्पोत चढतं. नेटचं काय करायचं ते मात्र शेवटच्या दिवशी आठवतं.

घोळ मुदतीपासूनच सुरू होतो. आपल्याकडे भाडेकरार बहुतेक ११ महिन्यांचा आणि ब्रॉडबँडचा स्वस्त पडणारा प्लॅन १२ महिन्यांचा. म्हणजे मालकाने करार वाढवला नाही, तर प्लॅन शिल्लक आणि घर संपलेलं. भाड्याने राहणाऱ्याने सहा महिन्यांचा प्लॅन घ्यावा, थोडे जास्त पैसे गेले तरी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण पैसे भरून झाले असतील, तर पुढचं वाचा.

आधी आपण नक्की कशात अडकलोय ते बघा. काही ठिकाणी फक्त प्लॅनचं आगाऊ भाडं भरलेलं असतं. काही ठिकाणी राउटर आणि जोडणी 'फ्री' दिलेली असते, पण ठरावीक महिने कनेक्शन चालवण्याच्या अटीवर. आधी बंद केलं तर ते पैसे वसूल होतात. कनेक्शन घेताना सही केलेला फॉर्म, पावती आणि त्या वेळचे मेसेज काढून हे तपासा. डिपॉझिट भरलं असेल तर त्याची पावती वेगळी ठेवा, कारण डिपॉझिट आणि आगाऊ भाडं यांचे नियम वेगळे आहेत.

शिफ्टिंग कुणाला मिळतं

कनेक्शन तुमच्या नावावर हवं, नोंदवलेला मोबाइल नंबर चालू हवा आणि थकबाकी नको. तरीही सगळं अडतं ते एकाच प्रश्नावर: नव्या घरापर्यंत त्या कंपनीची लाईन आहे का? लाईनमन याला 'फिजिबल आहे का' म्हणतात. कस्टमर केअरवाले पिनकोड बघून 'हो' सांगतात, त्यावर विसंबू नका. पिनकोडमध्ये अख्खं उपनगर येतं. तुमच्या गल्लीच्या खांबावर फायबरचा बॉक्स आहे की नाही, ते तिथल्या शेजाऱ्याला किंवा केबलवाल्याला माहीत असतं. घर बघायला जाल तेव्हाच विचारून घ्या.

त्याच शहरात जात असाल तर काम सोपं. शहर बदलत असाल तर बऱ्याचदा जुनं कनेक्शन बंद करून नवं घ्यावं लागतं, म्हणून उरलेली मुदत तिकडे मिळेल का हे आधी लेखी विचारा. फायबरबरोबर लँडलाईन नंबर असेल तर शहर बदलल्यावर तो सोबत येत नाही. परभणीचा कोड ०२४५२, लातूरचा ०२३८२ आणि छत्रपती संभाजीनगरचा ०२४०. तो नंबर बँकेत दिला असेल तर बदलून घ्या.

कागदपत्रं

आधार किंवा दुसरं ओळखपत्र, पासपोर्ट फोटो, शेवटचं बिल किंवा ग्राहक क्रमांक आणि नव्या पत्त्याचा पुरावा. भाडेकरूंची अडचण या शेवटच्या कागदाशी होते, कारण आधारवर गावचा पत्ता असतो. नोंदणीकृत भाडेकरार सगळ्यात भक्कम. तो हातात यायचा असेल, तर मालकाच्या नावाचं महावितरणचं लाईट बिल आणि मालकाची सही असलेलं संमतीपत्र चालतं का ते विचारा. त्याच संमतीपत्रात भिंतीला भोक पाडून वायर आत घ्यायला हरकत नाही, हेही लिहून घ्या. लाईनमन ड्रिल घेऊन दारात उभा आणि मालक म्हणतो, 'आत्ताच रंग दिलाय,' हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

अर्ज

घर बदलायच्या १०-१५ दिवस आधी अर्ज करा. कंपनीच्या अ‍ॅपवर, ग्राहक सेवेला फोन करून किंवा स्थानिक ऑफिसात लेखी. केबलवाल्याला तोंडी सांगणं म्हणजे अर्ज नव्हे. विनंतीचा क्रमांक मेसेजने आला पाहिजे; आला नाही तर अर्ज झालाच नाही असं समजा. शिफ्टिंगचा चार्ज विचारताना १८ टक्के जीएसटी धरून किती, तेही विचारा. काम होईपर्यंत गेलेले दिवस मुदतीत वाढवून मिळतील का, हेही त्याच वेळी विचारायचं.

मशीन (म्हणजे राउटर) काढण्याआधी मागच्या स्टिकरचा, सिरीयल नंबर वाचता येईल असा फोटो घ्या. हिरव्या टोकाची बारीक वायर घडी घालून कोंबू नका. आत काचेचा तंतू असतो, मोडला की नव्या घरी लाल दिवा लुकलुकत राहतो.

लाईन नसेल तर

मग बंद करण्याचा अर्ज लेखी द्या आणि 'नव्या पत्त्यावर तुमची सेवा उपलब्ध नाही' हे कंपनीकडून मेसेजवर किंवा ईमेलवर घ्या. मुदतपूर्व बंदचे पैसे मागितले, तर हाच कागद पुढे करायचा. मशीन परत करताना पावती घेतल्याशिवाय हात सोडू नका. परभणीहून येताना मी ते मशीन वायर जोडून देणाऱ्या मुलाच्या हातात दिलं, ओळखीचा होता म्हणून. दोन महिन्यांनी मशीनच्या पैशांचा तगादा सुरू झाला. पावती नव्हती, पैसे भरावे लागले.

डिपॉझिटबाबत ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, नियम स्पष्ट आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार कनेक्शन बंद झाल्यावर ४५ दिवसांत डिपॉझिट परत मिळायला हवं. आगाऊ भरलेलं भाडं प्लॅनच्या अटींप्रमाणे.

ऐकलं नाही तर

कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करता येतं; त्याला फी नाही आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिकडे वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर मराठीत बोलता येतं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमचे वाद तिथे चालत नाहीत असं कुणी सांगितलं, तर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चालतात असा निकाल दिलाय, हे सांगा. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही. डॉकेट नंबर, मशीनचा फोटो आणि परतीची पावती तक्रारीला जोडा.