युफोनियम मांडीवर कसं टेकवावं

लग्नसराईत बँड चालताना दिसतो. पण जळगाव-धुळ्याकडच्या वादकांचा पावसाळ्यातला सराव आणि मंडपातलं बरंचसं वाजवणं खुर्चीतच होतं, आणि तिथे दुखणी वेगळी असतात: डावं मनगट, मान, ओठाच्या आत उमटलेले दातांचे वळ. याच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. वाद्याचा भार कुठे जाणार, हे आधी ठरवलेलं नसतं.

युफोनियम म्हणजे बँडमधलं जाड आवाजाचं, फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य. साधं तीन पिस्टनचं (म्हणजे बोटांनी दाबायच्या तीन कळांचं) युफोनियम ३ ते ४ किलोंचं, चार पिस्टनचं भारी वाद्य त्याहून जड. ४ किलो ऐकायला फार नाहीत. पण दंडाचा स्नायू कोपराच्या सांध्यापासून जेमतेम ४ सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो. वाद्याचं वजन कोपरापासून ३० सेंटिमीटरवर पडलं, तर तरफेच्या नियमाने त्या स्नायूला ३० किलोंइतकी ओढ लावावी लागते, आणि तीही न हलता. आवळून राहिलेल्या स्नायूत रक्तवाहिन्या दबतात, हात भरून येतो. मग वाद्य नकळत तोंडावर टेकायला लागतं आणि माउथपीस, म्हणजे फुंकायचं टोक, ओठांत रुततं. सूर ओठांच्या थरथरीतून निघतो; दाबलेले ओठ मोकळे थरथरत नाहीत, म्हणून वरचे सूर आधी जातात. उजव्या हाताने भार सावरला तर बोटं मंदावतात. बोटं दुमडणारे मोठे स्नायू कोपराखालीच असतात आणि पकडीतही तेच गुंततात.

म्हणून आधी खुर्ची बघावी. मंडपातल्या प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक मागे उतरती असते. तिच्यात बसलं की कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो, पोट दबतं आणि श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. मागच्या दोन्ही पायांखाली २ सेंटिमीटर जाडीची एकच लांब फळी घालावी, तिला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठोकावी म्हणजे पाय घसरत नाहीत. हातांची खुर्ची नको, कोपर अडतं. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावं, तळपाय जमिनीवर पूर्ण टेकलेले, गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली. गणवेशाचा पट्टा एक भोक सैल करावा.

आता वाद्य बाजूलाच ठेवून ताठ बसायचं, समोर बघायचं, मान हलवायची नाही. दुसऱ्याने वाद्य असं धरावं की माउथपीस ओठांपाशी येईल. वाद्याच्या खालच्या वळणात आणि मांडीत जी फट उरेल, तेवढाच आधार हवा. तोंड वाद्याकडे न्यायचं नाही, वाद्य तोंडापाशी आणायचं.

फट भरायला गादीचा कापूस नको, तो दबत जातो आणि तासाभरात उंची बदलते. घट्ट घडीचा टॉवेल बरा. त्याहून चांगली दादरची, म्हणजे खानदेशी रब्बी ज्वारीची पिशवी. जाड मांजरपाटाची, साधारण २५ बाय २० सेंटिमीटरची पिशवी शिवून ती दादरने दोन तृतीयांशच भरावी. दाणे सैल असतात तोवर सरकतात आणि वळणाचा आकार घेतात. वजन पडलं की एकमेकांत अडकून घट्ट होतात. शिगोशीग भरलेल्या पिशवीत हे होत नाही, वाद्य तिच्यावर डुलतं. दादर आधी उन्हात कडक वाळवावी, नाहीतर सोंडे पडतात.

पारख सोपी आहे. वाजवण्याच्या स्थितीत उजवा हात सोडून द्यावा. माउथपीस ओठांवरून हललं नाही आणि डाव्या हाताला फक्त तोल सांभाळावा लागला, तर उंची जमली. पुढे घसरत असेल तर पिशवी पोटाकडे सरकवावी. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येत असतील तर कातडीखालची नस दबते आहे. वाद्य आतल्या बाजूला घ्यावं.

लहान मुलाच्या मांडीवर हेच वाद्य ठेवलं की माउथपीस नाकाशी येतं. त्याला हनुवटी उचलून वाजवू देऊ नये, घसा आवळतो. अशा वेळी वाद्य दोन मांड्यांच्या मधे, थेट बैठकीवर ठेवावं.

ट्रंपेट सव्वा किलोच्या आतलं, त्याला आधार लागत नाही. मात्र उजवी करंगळी नळीवरच्या आकड्यात अडकवून ओढू नये, त्याने तेच ओठांवर दाबणं होतं. सरकनळीच्या ट्रॉम्बोनला मांडीचा आधार देता येत नाही. सगळा भार डाव्या हातावर, उजव्याने नळी फक्त सरकवायची. नळी पुढे गेली की वजनही पुढे जातं, म्हणून लांब सुरांनंतर वाद्य खाली घेऊन हात मोकळा करावा. सूसाफोन, म्हणजे अंगाभोवती वेटोळं घेणारा मोठा भोंगा, तर उभ्याने, खांद्यावर घेऊन वाजवण्यासाठीच घडवलेला. बसायचंच झालं तर पाठ नसलेलं स्टूल घ्यावं, म्हणजे अंगाभोवतीचं वेटोळं मागे अडत नाही.

वाजवून झालं की पिशवी वाद्याला लावून ठेवू नये. मे महिन्यात ती घामाने भिजलेली असते, आणि घामातल्या मिठाने पितळेतलं जस्त झिजून तिथे तांबूस डाग पडतात. टेकण्याची जागा कोरड्या फडक्याने पुसावी, पिशवी वेगळी वाळत घालावी.