बिऱ्हाड पार्टिशनमध्ये : एआयएक्स सर्व्हरच्या स्थलांतरामागची गोष्ट

एका यंत्राची अनेक यंत्रं करण्याची युक्ती क्लाउडवाल्यांची नाही. आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथल्या शास्त्रीय केंद्रात 1967 साली सीपी-40 ही प्रणाली चालू होती. सिस्टिम/360 मॉडेल 40 या एकाच मेनफ्रेमवर ती 14 आभासी यंत्रं उभी करी. 1988 मध्ये मेनफ्रेमच्या फर्मवेअरमध्येच (यंत्रातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) लॉजिकल पार्टिशन, म्हणजे एलपार, आलं : एकाच यंत्राचे स्वतंत्र कप्पे.

युनिक्सच्या जगात मात्र उलटी हवा होती. 1990 मध्ये आयबीएमचा आरएस/6000 हा संगणक आला, त्यावर एआयएक्स, म्हणजे आयबीएमचीच युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम. एका कामाला एक डबा, हा तिथला शिरस्ता. डेटाबेसचा वेगळा, ॲप्लिकेशनचा वेगळा, टेस्टिंगचा आणखी वेगळा. बहुतेक वेळ प्रोसेसर रिकामे बसत, पण जागा, वीज आणि देखभालीचा करार प्रत्येकाचा स्वतंत्र. भौतिक सर्व्हर गुंडाळण्याची खरी निकड इथून आली.

आयबीएमनं एलपार युनिक्सवर आणलं ते 2001 मध्ये, पॉवर4 प्रोसेसरवरच्या पी690 सर्व्हरबरोबर. 32 प्रोसेसरच्या त्या कपाटात 16 पार्टिशन बसत. पण प्रत्येकाला किमान एक अख्खा प्रोसेसर आणि स्वतःची डिस्क व नेटवर्क कार्डं द्यावी लागत. वाडा एक, पण प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा नळ! छोटे सर्व्हर अशा घरात नेणं परवडत नव्हतं. 2004 मध्ये पॉवर5 आणि एआयएक्स 5.3 नं हे बदललं. पार्टिशनला प्रोसेसरचा दहावा हिस्साही देता येऊ लागला आणि कार्डं व्हीआयओएस नावाच्या खास पार्टिशनकडे देऊन बाकीच्यांना सामाईक वापरता आली. माझ्या मते स्थलांतराची लाट खरी इथे सुरू झाली, 2001 मध्ये नाही.

बिऱ्हाड हलवायचं साधन मात्र जुनंच होतं : एमकेसिसबी. रूटव्हीजी, म्हणजे एआयएक्स ज्या व्हॉल्यूम ग्रुपवर (एकत्र बांधलेल्या डिस्कवर) बसतं तो, बूट होईल अशा रूपात टेपवर उतरवणारी ही कमांड मुळात बिघडलेला सर्व्हर परत उभा करण्यासाठी होती. तीच टेप दुसऱ्या हार्डवेअरवर चढवायची तर 'रिकव्हर डिव्हाइसेस' या पर्यायाला 'नो' म्हणायचं. नाहीतर जुन्या डब्याची कार्डं आणि डिस्क यांच्या नोंदीही सोबत येतात. शिवाय नव्या यंत्राचे ड्रायव्हर इमेजमध्ये हवेत. नसले तर एआयएक्सच्या सीडीवरून किंवा निम, म्हणजे नेटवर्कवरून एआयएक्स बसवून देणाऱ्या, सर्व्हरवरून बूट करून ते भरायचे. पुढे टेप मागे पडली आणि निमवरून नेटवर्कनं रिस्टोअर करण्याची पद्धत रुळली. डेटाचं त्यामानानं सोपं. डिस्क आधीपासून सॅनवर, म्हणजे सर्व्हरबाहेरच्या सामाईक स्टोरेजवर, असतील तर व्हॉल्यूम ग्रुप इकडून एक्सपोर्ट, तिकडे इम्पोर्ट.

अडायचं ते दोन ठिकाणी. एक, लायसन्स. कित्येक सॉफ्टवेअर 'युनेम -एम' या कमांडमधून मिळणाऱ्या मशीन आयडीला बांधलेली, आणि घर बदललं की तो आयडी बदलणारच. दुसरं, आवृत्ती. एआयएक्स 4.3.3 पार्टिशनमध्ये चालतच नाही. 5.1 पॉवर5 वर चालत नाही. म्हणजे आधी अपग्रेड, मग स्थलांतर. आणि अपग्रेडला नकार देणारं एखादं जुनं ॲप्लिकेशन सगळीकडे असतंच. बहुतेकदा त्याचा सोर्स कोडही कुणाकडे नसतो.

एप्रिल 2009 मध्ये एआयएक्स 5.2 चा नेहमीचा सपोर्ट संपला, तरी अशा ॲप्लिकेशनांपायी ते सर्व्हर चालूच राहिले. अखेर 2010 मध्ये आयबीएमनं पॉवर7 वरच्या एआयएक्स 7 मध्ये एक खोली काढून दिली : 5.2 च्या सर्व्हरचा एमकेसिसबी घ्यायचा आणि तो जसाच्या तसा वर्कलोड पार्टिशनमध्ये, म्हणजे चालू एआयएक्सच्या आतल्या वेगळ्या कप्प्यात, उघडायचा. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नवा, वरचं सगळं 5.2 चंच. आतल्या ॲप्लिकेशनला घर बदलल्याचा पत्ताच नाही.